जिभेला वळण लावायचे असेल तर

माझे यजमान चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आहेत. उपासना संपली की ते दाराशी उभे राहून एकेकाला भेटतात, आणि मी आतच, बाकांच्या मधल्या वाटेत, कोणा ना कोणाशी बोलत असते. कोणाच्या मुलाची नोकरी सुटली, कोणाचे लग्न मोडायला आले, पंचांच्या बैठकीत कोण कोणाला काय बोलले, हे सगळे त्या वाटेत माझ्या कानावर पडते. एका वाक्यावरून दोन सख्ख्या भावांची कुटुंबे वर्षानुवर्षे चर्चच्या दोन टोकांना बसलेली मी पाहिली आहेत. एका वाक्याने ती पुन्हा जवळ आलेलीही पाहिली आहेत. मरण आणि जीवन जिभेच्या हाती आहेत असे बायबलमधल्या नीतिसूत्रे १८:२१ मध्ये म्हटले आहे, ते मला त्यामुळे शब्दशः खरे वाटते.

मंडळीतल्या बायकांच्या गटाला मी हा विषय शिकवते. तिथे सांगते तेच इथे लिहिते आहे: काय करायचे, कोणत्या शब्दांत करायचे, आणि कोणत्या वेळी गप्प बसणे हेच पाप ठरते.

सुरुवात तोंडापासून करू नका

याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय बहुतेकांना माहीत असतो. घोड्याच्या तोंडातला लगाम, जहाजाचे छोटे सुकाणू, मोठे रान पेटवणारी एवढीशी ठिणगी. पण आठव्या वचनाशी लोक अडखळतात. पशू, पक्षी, सरपटणारे जीव माणसाने वश केले, जिभेला मात्र कोणी माणूस वश करू शकत नाही, असे याकोब तिथे म्हणतो. मग प्रयत्न तरी कशाला करायचा, असे गटातल्या एका तरुण मुलीने मला विचारले होते. मी तिला तोच अध्याय शेवटपर्यंत वाचायला लावला. सतराव्या वचनात वरून येणाऱ्या ज्ञानाचे वर्णन आहे: शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, समजूत घालता येण्याजोगे, दयेने भरलेले. माणसाला जे जमत नाही ते मागून घ्यायचे असते, आणि देव ते दोष न लावता देतो, हे याकोबाने पहिल्याच अध्यायात सांगून ठेवले आहे.

म्हणून पहिले काम प्रार्थनेचे. स्तोत्र १४१ मध्ये दावीद मागतो की परमेश्वरा, माझ्या तोंडावर पहारा ठेव, माझ्या ओठांचे दार सांभाळ. एका दमात म्हणता येईल एवढीच ओळ आहे. ती सकाळी फोन हातात घेण्याआधी म्हणा. नंतर नको, कारण पहिला निरोप वाचून झाला की दार उघडलेले असते.

दुसरे काम जरा कष्टाचे आहे. येशूने मत्तय १२ मध्ये सांगितले की अंतःकरणात जे भरलेले असते तेच तोंडावाटे बाहेर येते, आणि माणसे जो जो व्यर्थ शब्द बोलतील त्याचा हिशेब न्यायाच्या दिवशी त्यांना द्यावा लागेल. तेव्हा नुसते शब्द आवरून भागत नाही, ते कुठून येतात ते पाहावे लागते. एक साधी वही करा. रात्री झोपण्याआधी त्या दिवशी बोललेले एखादे टोचरे वाक्य लिहा, आणि शेजारी, ते बोलताना तुम्हाला काय वाटत होते ते लिहा. हेवा, भीती, थकवा, आपल्याकडे कोणी लक्ष देत नाही ही भावना, जे असेल ते. समर्थन लिहू नका. आमच्या गटातल्या एका बाईंनी हे नेटाने केले तेव्हा त्यांच्या लक्षात आले की त्यांचे जवळजवळ सगळे कडू बोलणे कामावरून घरी आल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातले आहे. त्यांनी घरात सांगून टाकले, "मी आले की थोडा वेळ मला काही विचारू नका, मग मी तुमचीच आहे." स्वभाव बदलण्याची वाट पाहत त्या बसल्या नाहीत. त्या घरात आता संध्याकाळी आवाज चढत नाही, हे मला त्यांच्या मुलीने सांगितले.

खरे आहे, एवढे पुरेसे नाही

"मी खोटं थोडंच बोलते आहे?" हे वाक्य मी फार वेळा ऐकते. त्याला माझे उत्तर म्हणजे दवेग अदोमी.

त्याची गोष्ट पहिल्या शमुवेलात, एकविसाव्या आणि बाविसाव्या अध्यायात आहे. शौल राजापासून पळणारा दावीद नोब गावी अहीमलेख याजकाकडे येतो, राजाच्या कामावर आहे असे सांगतो, आणि याजक त्याला पवित्र भाकरी आणि गल्याथाची तलवार देतो. शौलाच्या मेंढपाळांचा नायक दवेग त्या दिवशी तिथेच असतो. पुढे शौल चिडून म्हणतो की मला कोणी काही सांगतच नाही, तेव्हा दवेग पुढे होतो आणि जे पाहिले ते सांगतो. भाकरी दिली, तलवार दिली. यातले काहीही बनावट नव्हते. पण अहीमलेख दावीदाला राजाचा विश्वासू जावई समजत होता, तो पळून आला आहे हे त्याला ठाऊक नव्हते, याचा दवेगाच्या सांगण्यात उल्लेखही नाही. त्या दिवशी ८५ याजक मारले गेले, आणि नोबमधली बायकामुलेसुद्धा. शौलाच्या पहारेकऱ्यांनी याजकांवर हात टाकायला नकार दिला, तेव्हा तलवारही दवेगानेच चालवली. स्तोत्र ५२ च्या शीर्षकात याच प्रसंगाचा उल्लेख आहे, आणि तिथे दुष्टाच्या जिभेला धार लावलेल्या वस्तऱ्याची उपमा दिली आहे.

तेव्हा "खरे आहे का" हा पहिला प्रश्न आहे, शेवटचा नाही. पुढचे प्रश्न प्रेषित पौलाने इफिसकरांस पत्रात ४:२९ मध्ये दिले आहेत. तोंडून निघणारे बोलणे उन्नतीसाठी असावे, गरजेप्रमाणे असावे, आणि ऐकणाऱ्यांना त्यातून कृपा मिळावी. यातला "गरजेप्रमाणे" हा भाग आपण गाळतो. बोलणाऱ्याची गरज वेगळी असते: मन मोकळे करायचे असते, आपल्याला आधी कळले हे दाखवायचे असते, शांतता नको वाटते. पौल ऐकणाऱ्याची गरज पाहायला सांगतो. म्हणून मी गटाला एकच प्रश्न पाठ करायला लावते: समोरच्या माणसाला हे आत्ता कशासाठी हवे आहे? उत्तर सापडले नाही तर वाक्य गिळून टाकावे. गिळलेल्या वाक्याने आजवर कोणाचे नुकसान झालेले मी पाहिलेले नाही.

शिवीगाळ आणि घाणेरडे विनोद यांच्यावर मी इथे लांबण लावणार नाही. ते चूक आहे हे करणाऱ्यालाही कळते. कळत नाही ते पुढचे.

प्रार्थनेच्या विषयांतून होणारी चहाडी

प्रार्थनासभेत विषय मागितले जातात. "अमक्यांच्या घरासाठी प्रार्थना करूया, तुम्हाला माहीतच असेल, त्यांच्या मोठ्या मुलाचं काय झालं ते..." आणि मग दहा मिनिटे ते काय झाले तेच सांगितले जाते. प्रार्थना होते अर्ध्या मिनिटाची. डोळे मिटलेले असतात म्हणून ही चहाडी ओळखू येत नाही, पण त्या मुलाच्या आईला विचारा. त्या आईने दुसऱ्या दिवशी मला फोन केला होता आणि म्हणाली होती, "बाई, मी तुमच्या मंडळीत परत कोणत्या तोंडाने येऊ?" तिला परत यायला फार काळ लागला. मला या विषयाची जी तळमळ आहे ती तिच्यामुळे आहे.

प्रार्थनेचा विषय द्यायचा तर असा द्या. ज्याच्याबद्दल आहे त्याला आधी विचारा: "तुमच्यासाठी सभेत प्रार्थना मागू का? काय सांगू, काय नको?" तो नको म्हणाला तर घरी, दार लावून प्रार्थना करा, येशूने मत्तय ६ मध्ये तशीही तीच जागा सांगितली आहे. तो हो म्हणाला तर गरज सांगा, गोष्ट सांगू नका. "एका कुटुंबाला या आठवड्यात शहाणपण आणि धीर हवा आहे" एवढे देवाला पुरते. नाव आणि तपशील त्याला आधीच ठाऊक आहेत. सभा तुम्ही चालवत असाल आणि कोणी तपशिलात शिरू लागले, तर मध्येच म्हणा, "चला, आत्ताच त्यांच्यासाठी प्रार्थना करूया," आणि डोके वाकवून सुरू करा. यात कोणाचा अपमान होत नाही, आणि उरलेली गोष्ट कोणाच्या कानी पडत नाही.

ही खोड जुनी आहे, आणि तिच्यावर मंडळीने शोधलेले उपायही जुने आहेत. हिप्पोचे बिशप ऑगस्टीन, ज्यांचा मृत्यू ४३० साली झाला, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर एक पद्य लिहिलेले होते: गैरहजर माणसाच्या चारित्र्याचे लचके तोडणे ज्याला आवडते त्याला या टेबलाशी जागा नाही. त्यांच्या सोबत राहिलेल्या पॉसिडियस यांनी लिहून ठेवले आहे की एकदा जवळचे बिशपच तसे बोलू लागले, तेव्हा ऑगस्टीन यांनी त्यांना सुनावले: एक तर या ओळी खोडून टाका, नाही तर मी उठून माझ्या खोलीत जातो.

त्याहून उपयोगी मला १७५२ चा करार वाटतो. मेथोडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली आणि त्यांच्या सोबतच्या उपदेशकांनी एकमेकांबद्दल तो लिहून त्यावर सह्या केल्या होत्या. एकमेकांविषयी वाईट ऐकायचे नाही आणि मुद्दाम विचारायचेही नाही. कानावर आलेच तर लगेच विश्वास ठेवायचा नाही. होईल तितक्या लवकर ज्याच्याबद्दल ऐकले त्यालाच ते बोलून किंवा लिहून कळवायचे. तोवर दुसऱ्या कोणाजवळ त्यातले अक्षरही काढायचे नाही. कळवून झाल्यावरसुद्धा काढायचे नाही. आणि या नियमांना अपवाद करायचा असेल तर तो एकत्र बसून, करणे भागच आहे असे ठरले तरच. यातला पाचवा नियम मला सर्वांत अवघड वाटतो. संबंधिताशी बोलणे झाले की आपल्याला वाटते आता सांगायला हरकत नाही, प्रकरण मिटले आहे. मिटलेले प्रकरण सांगितल्याने पुन्हा उघडते. आमच्या पंचांनी आणि त्यांच्या घरच्यांनी हे नियम कागदावर उतरवून घेतले आहेत. तुमच्या गटात दोघे जरी तयार असतील तरी सुरुवात करा.

समोरचा सांगतच सुटला तर काय करायचे? तोंड वाकडे करून उपदेश देऊ नका, त्याने तो तुमच्याबद्दल बोलायला दुसरीकडे जातो. मी ही वाक्ये वापरते: "त्यांना हे तुम्ही सांगितलंत का? चला, मी येते बरोबर." किंवा, "त्या इथे नाहीत, त्यांची बाजू मला माहीत नाही, तेव्हा मी यावर काय बोलणार?" किंवा नुसतेच त्या व्यक्तीचे एखादे खरे चांगले काम सांगायचे. मार्टिन ल्यूथर यांनी १५२९ साली घरोघरी शिकवण्यासाठी लिहिलेल्या छोट्या प्रश्नोत्तरावलीत खोट्या साक्षीविरुद्धच्या आज्ञेचा अर्थ असाच लावला आहे: शेजाऱ्याची बदनामी करू नये एवढेच नाही, तर त्याची बाजू घ्यावी, त्याच्याबद्दल चांगले बोलावे, त्याच्या कृतीचा चांगल्यात चांगला अर्थ लावावा. लाकूड नसले की आग विझते आणि कानाला लागणारा नसला की भांडण मिटते, असे नीतिसूत्रे २६:२० सांगते. ऐकणारा मिळाला नाही की सांगणारा लवकर थकतो.

व्हॉट्सॅपच्या गटाला हे सगळे नियम तसेच्या तसे लागू आहेत, आणि एक जास्तीचा: ज्याच्याबद्दल लिहिले आहे त्याच्या हातात हा मजकूर पडणारच आहे असे धरून चाला.

गप्प बसणे पाप ठरते तेव्हा

इथे मला ठामपणे बोलायचे आहे, कारण वर लिहिलेल्या गोष्टींचा दुरुपयोग होतो. घरात मार खाणाऱ्या बाईला, किंवा ज्याच्या अंगाशी कोणी नको ते केले आहे अशा मुलाला, "बाहेर बोलू नकोस, ही चहाडी आहे, मंडळीचं नाव खराब होईल" असे सांगितले जाते. हे ख्रिस्ताचे शिक्षण नाही. लेवीय ५:१ मध्ये स्पष्ट आहे की साक्षीसाठी बोलावणे झाले असता, ज्याने पाहिले किंवा ज्याला ठाऊक आहे तो बोलला नाही तर त्याच्यावर दोष येतो. नीतिसूत्रे ३१:८ सांगते की ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी आपले तोंड उघड. मत्तय १८ मधली "आधी एकांतात जाऊन त्याला दोष दाखव" ही पायरी भावाभावातल्या अपराधासाठी आहे; मार खाणाऱ्या माणसाला मारणाऱ्यासमोर एकटे पाठवण्यासाठी ती वापरू नये.

चहाडी आणि साक्ष यांतला फरक कोणाला सांगितले यावरून कळतो. जो काही करू शकतो, रक्षण करू शकतो, त्याला सांगितले तर ती साक्ष. ज्याला फक्त ऐकायचे आहे त्याला सांगितले तर चहाडी. मुलाचा जीव किंवा शरीर धोक्यात असेल तर पोलिसांना आणि कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांना सांगा, आणि त्यासाठी पाळकांच्या परवानगीची वाट पाहू नका. पाळकाच्या घरात राहून मी हे लिहिते आहे.

राग आलेला असताना

शास्ते या पुस्तकात एकच तक्रार दोनदा येते, एकाच वंशाकडून, दोन वेगळ्या पुढाऱ्यांकडे. ही दोन प्रकरणे एका बैठकीत वाचा.

आठव्या अध्यायात एफ्राइमचे लोक गिदोनाकडे येऊन तावातावाने भांडतात: मिद्यान्यांशी लढायला गेलास तेव्हा आम्हाला का बोलावले नाहीस? गिदोन जिंकून आलेला सेनापती आहे, शत्रूचा पाठलाग अजून चालू आहे, त्याची माणसे थकलेली आहेत. त्याला सुनावता आले असते. तो म्हणतो, तुमच्या मानाने मी काय केले? एफ्राइमच्या द्राक्षांचा सरवा माझ्या कुळाच्या सगळ्या हंगामापेक्षा चांगला नाही का? ओरेब आणि जेब हे मिद्यानी सरदार देवाने तुमच्याच हाती दिले. हे ऐकून त्यांचा राग उतरला, असे तिथे लिहिले आहे.

बाराव्या अध्यायात तेच एफ्राइमी इफ्ताहाकडे येतात. तक्रार तीच, भाषा मात्र जास्त कडवी: तुझे घर तुझ्यासकट जाळू. इफ्ताह उत्तर देतो की मी बोलावले होते, तुम्ही आला नाहीत, मी जीव मुठीत धरून गेलो. त्याची बाजू कदाचित बरोबरही असेल. पण त्याच्या उत्तरात त्यांना मागे फिरायला जागा नाही. युद्ध पेटते, आणि एफ्राइमचे ४२,००० लोक मरतात.

गिदोनाने काय केले ते नीट पाहा, कारण "मृदू उत्तर द्या" म्हणून कोणाला मृदू उत्तर देता येत नाही. त्याने आपल्या यशाचा मुद्दा सोडून दिला. समोरच्याने जे खरोखर केले होते ते नाव घेऊन सांगितले. ते सरदार एफ्राइमनेच पकडले होते, म्हणजे ही पोकळ स्तुती नव्हती. आणि आपल्याला का बोलावले नाही या प्रश्नावर त्याने वाद घातलाच नाही, कारण त्या माणसांचे दुखणे मान न मिळण्याचे होते. पुढच्या वेळी घरात किंवा कामावर कोणी तुमच्यावर ओरडले, की त्याला नेमके काय दुखले आहे ते शोधा आणि आधी त्याला उत्तर द्या. आरोपाला उत्तर नंतर देता येते, बरेचदा द्यावेच लागत नाही.

थोडा वेळ मागून घेणेही चांगले. "मला याचं उत्तर द्यायचं आहे, पण आत्ता माझ्या तोंडून नीट निघणार नाही. उद्या सकाळी बोलूया." वेळ ठरवा आणि पाळा, नाही तर समोरच्याला ते टाळणे वाटते. मात्र नुसता वेळ घेऊन माणूस शहाणा होत नाही. शलमोनाचा मुलगा रहबाम याने लोकांना उत्तर द्यायला तीन दिवस घेतले होते (१ राजे १२). वडीलधाऱ्यांनी त्याला सांगितले की त्यांच्याशी गोड बोल, ते कायमचे तुझे होतील. पण तो आपल्या बरोबरीच्या मित्रांकडे गेला, त्यांनी त्याला पेटवले, आणि तिसऱ्या दिवशी त्याने असे उत्तर दिले की दहा वंश तुटून गेले. म्हणून त्या मधल्या वेळात तुमची री ओढणाऱ्याला फोन करू नका. जो तुम्हाला "थांब" म्हणू शकतो अशा एका माणसाला करा. असा माणूस कोण, हे राग नसतानाच ठरवून ठेवा.

दुःखात असलेल्या माणसाजवळ

सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र त्याच्या शेजारी जमिनीवर सात दिवस आणि सात रात्री एक शब्दही न बोलता बसले, कारण त्याचे दुःख फार मोठे आहे हे त्यांना दिसले. त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम ते. मग ते बोलायला लागले, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांना सांगतो की तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत. त्यांच्या भाषणांत देवाचा कैवार पानोपानी आहे, हे विसरू नका. देवाची बाजू घेऊनही दुखावता येते.

यजमानांबरोबर मी घरभेटींना जाते. मूल गेलेल्या आईला कोणी म्हणते, "देवाला फुलं आवडतात." कोणी म्हणते, "अजून एक आहे ना तुम्हाला." कोणी म्हणते, "विश्वास असता तर बरं झालं असतं," आणि हे सर्वांत क्रूर आहे. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते, त्याला ती शांतता सहन होत नसते. पण ती आई हे वाक्य कधीच विसरत नाही. कोण कोण आले होते हे तिला आठवत नसते, हे वाक्य कोणी म्हटले ते आठवते.

लाजराच्या कबरेजवळ येशूला पुढे काय घडणार आहे ते माहीत होते. काही क्षणांतच तो मेलेल्या लाजराला हाक मारून जिवंत करणार होता. तरी लाजराच्या बहिणीला, मरीयेला, रडताना पाहून तो रडला. ज्याच्याजवळ खरेखुरे उत्तर होते त्यानेही आधी अश्रू दिले, तर ज्यांच्याजवळ उत्तर नाही अशा आपण घाई कशाला करायची?

म्हणून आत जाताना वाक्य शोधत जाऊ नका. शेजारी बसा. बोलायचेच झाले तर, "मला काय बोलावं कळत नाही, पण मी इथे आहे." गेलेल्या माणसाचे नाव घ्या. लोक नाव टाळतात, आणि घरच्यांना ते नाव ऐकायचे असते. त्याची एखादी आठवण तुमच्याजवळ असेल तर सांगा. "काही लागलं तर कळवा" म्हणू नका, दुःखातला माणूस कळवत नाही; "उद्या धाकट्याला शाळेत मी सोडते" असे म्हणा. वचन वाचायचे असेल तर विचारून वाचा आणि थोडे वाचा, विलापाचे एखादे स्तोत्र, जिथे माणूस देवाला "कुठवर?" असे विचारतो. आणि महिनाभराने, सगळे येणे थांबल्यावर, पुन्हा जा. यशया ५०:४ मध्ये प्रभूचा सेवक म्हणतो की थकलेल्याला शब्दाने धीर कसा द्यावा हे कळावे म्हणून देवाने मला शिकलेल्याची जीभ दिली, आणि पुढच्याच ओळीत म्हणतो की तो रोज सकाळी माझा कान जागा करतो. ऐकणारा कान नसेल तर ती जीभ मिळत नाही.

चूक दाखवताना, आणि कौतुक करताना

चूक दाखवायची तर एकट्याला, समोरासमोर, आणि एका वेळी एकच. येशूच्या शिष्याने, पेत्राने, आपण येशूला ओळखत नाही असे तीनदा म्हटले होते. पुनरुत्थानानंतर सरोवराकाठी येशूने त्याला "का नाकारलेस" असे एकदाही विचारले नाही. तीनदा विचारले, माझ्यावर प्रीती करतोस का? आणि दर उत्तरानंतर आपली मेंढरे, म्हणजे आपली माणसे, सांभाळायचे काम सोपवले. पेत्राला तिसऱ्या वेळी वाईट वाटले, म्हणजे बोच होतीच. पण त्या बोलण्याच्या शेवटी त्याच्या हाती मेंढरे होती.

मुलांच्या बाबतीत एवढे करा: केलेल्या गोष्टीला नाव ठेवा, मुलाला ठेवू नका. "अभ्यास राहिला आहे" आणि "तू आळशी आहेस" यांत फार अंतर आहे. संडेस्कूलमध्ये एक मुलगा प्रार्थना करायला कधीच उभा राहत नसे. घरी त्याला सगळे मंद म्हणत, आणि देवासमोरही तो मंदच आहे असे त्याला वाटत होते. बापांनो, मुलांना चिडीस आणू नका, ती खिन्न होतील, हे पौलाने कलस्सैकरांस लिहिले ते याच मुलांसाठी.

कौतुकात कंजूषपणा नको, पण ते नेमके हवे. "छान" म्हणण्यापेक्षा "त्या दिवशी नवीन आलेल्या आजींना तू जागा करून दिलीस, मी पाहिलं" असे म्हणा. लेवी वंशातल्या योसेफ नावाच्या एकाला प्रेषितांनी बर्णबा, म्हणजे बोधपुत्र, धीर देणारा, म्हणायला सुरुवात केली. यरुशलेमेत शौलाला (हा राजा शौल नव्हे, पुढे पौल म्हणून ओळखला गेलेला) सगळे भीत होते, त्याच्या शिष्यत्वावर कोणाचा विश्वास नव्हता, तेव्हा बर्णबाने त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेले आणि त्याच्या वतीने बोलला (प्रेषितांची कृत्ये ९:२७). ज्याच्यावर कोणाचा विश्वास नाही अशा एखाद्या माणसाबद्दल चार लोकांत खरे आणि चांगले बोलायची संधी तुमच्याही वाट्याला येईल. ती सोडू नका.

बोलून गेल्यावर

मत्तय ५ मध्ये येशू सांगतो की वेदीपाशी दान आणले असता, भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी समेट करायला जा. उपासना अर्धवट सोडायला सांगणारे हे वचन आपण फार सहज वाचून जातो.

क्षमा मागताना काय बोललात ते शब्दांसकट सांगा. "काही चुकलं असेल तर माफ करा" ही क्षमा नाही. "मी तुम्हाला सगळ्यांसमोर खोटारड्या म्हटलं. ते चूक होतं. मला क्षमा करा." इथे थांबा. यानंतर "पण" आला की आधीचे सगळे वाया जाते. समोरच्याने लगेच क्षमा केली नाही तर मुदत घालू नका आणि वचने दाखवू नका, तो त्याचा आणि देवाचा विषय आहे.

आणि जर बोलणे गैरहजर माणसाबद्दल झाले असेल, तर काम तिथे संपत नाही. ज्यांच्या ज्यांच्या कानी ते गेले त्या प्रत्येकाकडे जाऊन ते मागे घ्यावे लागते: "मी त्यांच्याबद्दल जे सांगितलं ते मला नीट माहीत नव्हतं. तुम्ही ते पुढे कोणाला सांगितलं असेल तर त्यांनाही हे सांगा." गटात लिहिले असेल तर गटातच लिहा, एकट्याला निरोप पाठवून चालणार नाही. क्रम मात्र लक्षात ठेवा. ज्याच्याबद्दल बोललात त्याला आधी विचारा की मी हे लोकांपुढे दुरुस्त केले तर चालेल का, कारण कधी कधी दुरुस्तीनेही त्याची गोष्ट पुन्हा चर्चेत येते. तो म्हणाला की राहू द्या, तर राहू द्या. ऐकणाऱ्यांकडे एकेकट्याने जा आणि कमीत कमी शब्दांत सांगून परत या.